उलट ओवलेली माळ

आमचा माल डोळ्यांना दिसत नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली अडचण. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी आणि तिच्यात एक मिलिग्रॅम पावडर, म्हणजे मिठाचे दहा-पंधरा कण. तीही गोठवून सुकवलेली असते, त्यामुळे आरशावर श्वासाची वाफ बसावी तशी काचेला चिकटून बसते. वर्षातून दोन-तीन फोन तरी येतातच : "मॅडम, कुपी रिकामी आली." मी म्हणते, "उजेडात तिरकी धरून बघा." पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज. मग, "हां... आहे काहीतरी."

एका गृहस्थांनी तर तीन पानी तक्रार लिहून सोबत फोटो जोडले होते. त्यांच्याच फोटोत मला पावडर स्वच्छ दिसत होती. मी तिच्याभोवती लाल गोल काढून फोटो परत पाठवला. खाली काही लिहिलं नाही. बोलण्यापेक्षा लाल गोल मला सोपा जातो.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत क्वालिटी कंट्रोल बघते. वीस-बावीस माणसांची कंपनी. नोकरीला सहा वर्षं झाली, निवृत्तीला तीस बाकी आहेत, तेव्हा कामाच्या आठवणी लिहिण्याचा अधिकार मला अजून नाही हे मान्य. पण एक प्रसंग सांगण्यासारखा आहे, आणि तो कळायला आमचं काम थोडं समजावून सांगावं लागेल.

आम्ही पेप्टाइड बनवतो. वीस प्रकारचे मणी आहेत असं समजा. शाळेत त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. ते ठरावीक क्रमाने ओवले की जी माळ होते, ते पेप्टाइड. शरीरात अशा माळा निरोप्यांचं काम करतात. मण्यांचा क्रम हाच निरोप. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी आहे ती किसपेप्टिन नावाच्या माळेला. जिथे ते पहिल्यांदा सापडलं, त्या परदेशी गावच्या चॉकलेटवरून हे नाव पडलं. मेंदूच्या तळाशी ते तयार होतं आणि पुढच्या सगळ्या हार्मोन्सना उठवतं. मुलगी वयात येते, पाळी सुरू होते, बीज तयार होतं, या सगळ्याच्या आधी मेंदूत पहिली हाक ते मारतं. आम्ही त्यातला दहा मण्यांचा तुकडा बनवतो, कारण हाक मारायला तेवढा पुरतो.

नात्यातल्या लग्नात कोणी विचारलं, "तुमच्या कंपनीत काय बनतं गं?" तर मी म्हणते, "प्रोटीनसारखं काहीतरी." किसपेप्टिन म्हटलं की पहिल्या दोन अक्षरांवर आत्या थांबतात आणि पुढचं समजावताना मी थांबते. शाळेत हा धडा आम्ही इंग्रजीत शिकलो, तेव्हा लाज वाटली नव्हती. मराठीत तो अजून मला कोणासमोर मोठ्याने वाचता आलेला नाही. आज लिहून टाकला.

कुपीवर ठळक छापलेलं असतं : केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. तरी फोन येतात. खारघरच्या एका जिमवाल्याला ते "दंडासाठी" हवं होतं. एका बाईने दबक्या आवाजात विचारलं होतं, "हे घेतलं तर आमच्या सुनेला दिवस राहतील का?" जिमवाल्याला मी दोन वाक्यांत वाटेला लावलं. त्या बाईंशी मात्र वीस मिनिटं बोलले. बहुतेक वेळ त्याच बोलल्या. शेवटी मी एवढंच म्हटलं की हे औषध नाही, डॉक्टरांकडेच जा. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "तू ऐकून तरी घेतलंस." ऐकणं मला जमतं. माझी अडचण दुसऱ्या बाजूला आहे.

आमच्याकडे माळा ओवतात घरत काका. काका इथल्याच खाडीकाठच्या गावचे. घरची मिठागरं होती, शहर आलं तशी ती गेली. मग काका केमिकल कंपनीत लागले आणि तिथून आमच्याकडे आले, त्याला बावीस वर्षं झाली. रव्यासारखे पिवळसर बारीक कण काचेच्या भांड्यात घ्यायचे, त्यावर पहिला मणी चिकटवायचा, धुवायचं, हलवायचं, मग दुसरा. एकेका मण्याला दोन-दोन तास. मशीनवरही हे होतं, पण दहा-बारा मण्यांची छोटी ऑर्डर काका हातानेच करतात आणि मशीनपेक्षा स्वच्छ करतात. मण्यांच्या बाटल्यांवर इंग्रजी तीन अक्षरं असतात. टायरोसिनला काका 'टायर' म्हणतात, आर्जिनिनला 'आर्ग'. बावीस वर्षांत त्यांची बाटली कधी चुकली नव्हती.

एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमची माळ शेवटच्या मण्यापासून ओवतात. रसायनशास्त्र तसंच आहे, त्याला इलाज नाही. पण सगळं जग ती लिहितं पहिल्या मण्यापासून. म्हणजे गिऱ्हाइकाच्या कागदावर जो दहावा, तो काकांचा पहिला. आमचे जुने सर होते तेव्हा ते गिऱ्हाइकाचा क्रम उलटा करून, ओवायच्या क्रमाने, स्वतःच्या हाताने काकांसाठी कागद लिहायचे आणि बाजूला खाली जाणारा बाण काढायचे. काका वरून खाली एकेक करत जायचे. जुने सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी निखिल सर आले. त्यांनी छापील फॉर्म केला. त्यात क्रम गिऱ्हाइकाचा, जसाच्या तसा. काकांना सांगितलं, "काका, आता खालून वर जायचं."

काका गेले खालून वर. दोन-तीन ऑर्डरी नीट झाल्या, कारण काकांची स्वतःची एक खूण होती. किसपेप्टिनची शेपूट त्यांना पाठ होती. माणसाच्या किसपेप्टिनच्या शेवटी नेहमी फेनिलअ‍ॅलानिन हा मणी असतो. फॉर्मवर तो कुठल्या टोकाला आहे हे बघायचं आणि तिथून सुरू करायचं.

मग उंदराच्या किसपेप्टिनची पहिली ऑर्डर आली. उंदराची माळ माणसासारखीच, फक्त शेपटीचा मणी वेगळा, टायरोसिन. निखिल सरांनी काकांना तेवढं आठवणीने सांगितलं. आणि त्या माळेचा पहिला मणीसुद्धा टायरोसिनच असतो.

काकांनी फॉर्म बघितला. वर टायर. खाली टायर. शेपूट टायर आहे हे सांगितलेलंच होतं. खूण दोन्हीकडे सारखीच, तेव्हा फॉर्म बहुतेक जुन्या सरांसारखा लिहिलाय, असं त्यांनी सवयीने धरलं आणि वरून खाली गेले.

त्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी होते. पहिला मणी नीट बसलाय का हे बघायला थोडे कण लागतात, ते न्यायला गेले होते. ऑर्डर माझ्या डोक्यात होती. टायरोसिननंतर आर्जिनिन यायला हवं होतं. काकांच्या हातात अ‍ॅस्परॅजिनची बाटली होती. मला ते दिसलं. दिसलं आणि मी मनात म्हटलं, काकांना माहीत असेल.

माळ तयार झाली. मी तपासली. वजन दशांश चिन्हापुढेही जुळलं, आणि ते जुळणारच होतं. तोरण उलटं टांगलं म्हणून त्याचं वजन बदलत नाही. शुद्धताही उत्तम आली. शेजारी ठेवून ताडून बघायला जुना नमुना नव्हता, कारण ही माळ आम्ही पहिल्यांदाच बनवत होतो. मी सर्टिफिकेटवर सही केली. कुपी विदर्भातल्या एका पशुवैद्यकीय कॉलेजला गेली.

तिथे पल्लवी नावाची मुलगी पीएचडी करत होती. विषय म्हशींचा मुका माज. म्हैस माजावर येते पण दाखवत नाही. ओरडत नाही, लक्षण नाही, मालकाला कळत नाही, वेत चुकतं. किसपेप्टिन देऊन तो माज वेळेवर आणता येईल का, हे तिला शोधायचं होतं. म्हशीआधी उंदीर. उंदराच्या माद्यांना टोचायचं आणि थोड्या वेळाने रक्तातलं पुढचं हार्मोन वाढलं का ते बघायचं. प्राण्यांवर प्रयोग करायला कमिटीची परवानगी लागते आणि कमिटी मोजून प्राणी देते. पल्लवीला वीस माद्या मिळाल्या होत्या.

अडीच महिन्यांनी एका मंगळवारी तिचा फोन आला. निखिल सरांनी स्पीकरवर घेतला आणि मला समोर बसवलं.

"सर, बारा जणींना देऊन झालं. एकीतही वाढ नाही. शून्य."

"कुपी गार असतानाच उघडली होती का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. अर्धा तास बाहेर ठेवून, मगच. सगळं तुमच्या कागदाप्रमाणे."

"प्लास्टिकच्या ट्यूबला चिकटतं ते कधीकधी."

"तेपण बघितलं. माझे गाइड म्हणतात, तुझा हात बसलेला नाही. म्हणून मी महिनाभर सरावासाठी नुसत्या सलाइनची इंजेक्शनं दिली. आता आठच माद्या उरल्या आहेत सर. नवीन परवानगी मिळेपर्यंत माझी मुदत संपते. गुरुवारी सकाळी साडेदहाला या आठ जणींना दुप्पट डोस देऊन बघते. नाहीच झालं तर विषय सोडावा लागेल."

सरांनी तिला धीर दिला. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "रिसर्च स्टुडंट्सचं असंच असतं गं. बॅच तर ओके आहे ना आपली?"

मी म्हटलं, "वजन बरोबर होतं."

खोटं नव्हतं. पण ते वाक्य तोंडातून जातानाच मला ती बाटली दिसली.

बुधवारी सकाळी मी काकांच्या टेबलाशी गेले. काका भांडं धूत होते. "काय गो बाय, हरवलं काय तुजं?" मी म्हटलं, "काही नाही काका," आणि परत आले. दुपारी पुन्हा गेले. काकांनी मला घरून आणलेल्या बोंबलाच्या चटणीबद्दल सांगितलं, मी ऐकलं आणि पुन्हा परत आले. बावीस वर्षांच्या माणसाला मी काय विचारणार होते? तुमची बाटली चुकली का? आणि चुकली नसेल तर? बुधवारचा तो दिवस मी वाया घालवला. बाकी सगळ्यावर काहीतरी स्पष्टीकरण आहे, बुधवारवर नाही.

गुरुवारी लवकर पोचले आणि बॅचची फाइल काढली. ती मीच तपासून मिटलेली होती. काका प्रत्येक मण्यापुढे बरोबरची खूण करतात आणि वेळ लिहितात. मी सही करताना खुणा मोजल्या होत्या, दहाच्या दहा. वेळा वाचल्या नव्हत्या. आता वाचल्या. सगळ्यात वरच्या ओळीपुढे पहिल्या दिवसाची सकाळ होती. सगळ्यात खालच्या ओळीपुढे तिसऱ्या दिवसाची दुपार. माळ वरून खाली ओवली होती. घड्याळात नऊ पन्नास झाले होते.

निखिल सर त्या दिवशी बंदराजवळ द्रोणागिरीला गोदामावर होते, आमचा परदेशातून आलेला माल तिथे कागदपत्रांसाठी अडकला होता. फोन लागला. मागे कंटेनर उचलणाऱ्या क्रेनचा आवाज.

"सर, उंदराची बॅच उलटी असावी असं वाटतंय."

"असावी? टेस्ट केलीस?"

"अजून नाही. पण वेळा..."

"मग कन्फर्म झाल्याशिवाय कस्टमरला एक शब्द नाही. समजलं? मी दोनपर्यंत येतो, मग बघू."

खरी टेस्ट आहे. मशीनमध्ये माळ मुद्दाम तोडायची आणि तुकड्यांची वजनं घ्यायची. अख्ख्या माळेचं वजन दोन्हीकडून सारखं, पण पहिल्या तीन मण्यांचा तुकडा सुलट माळेत वेगळा आणि उलट माळेत वेगळा. तिला तीन तास लागतात. माझ्याकडे चाळीस मिनिटंही नव्हती.

मी फाइल घेऊन काकांकडे गेले. या वेळी परत फिरले नाही.

"काका, उंदराच्या माळेला दुसरी बाटली कुठली घेतली होती?"

काकांनी हात पुसले. "कागदावर दुसरी व्हती ती."

"वरून दुसरी?"

त्यांनी फॉर्म हातात घेतला. वरून खाली बघितलं, मग खालून वर. चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा बघितलं.

"वर टायर, खाली टायर," ते हळू म्हणाले. "मना वाटलं, जुन्या सायबासारकं लिवलंय." मग माझ्याकडे बघून, "तू तवा हितंच उबी व्हतीस. बघलंस ना?"

"हो."

"मग बोललीस कनाला नाय?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"मना सगला माहीत असता, तं तुजी सही कनाला लागते गो?"

ते रागाने बोलले नाहीत. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. मी सरांचा निरोप सांगितला : दोनपर्यंत कोणाला काही बोलायचं नाही.

"सायेब येल तवा येल. ती पोरगी साडेधाला सुई मारतंय ना? लाव फोन."

"पण टेस्ट झालेली नाही काका. समजा आपलंच चुकत असेल तर..."

"माजा हात हाय, मना समजतंय. उलटीच हाय माल. लाव."

पल्लवीचा मोबाइल बंद होता. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, बंद. ऑर्डरच्या कागदावर विभागाचा नंबर होता. तो लावला. बराच वेळ वाजला आणि एका पुरुषाने उचलला. नंतर कळलं, ते तिथले क्लार्क, वानखडे.

"पल्लवी मॅडमशी बोलायचंय. अर्जंट आहे."

"म्याडम अ‍ॅनिमल हाऊसमधी हायेत ना. आत मोबाइल नेऊ देत नाही. बारा वाजता करजा."

"बारा वाजता नाही चालणार. त्यांना सांगा, इंजेक्शन देऊ नका."

"कोनाले?"

"उंदरांना."

तिकडचा आवाज सावध झाला. "तुम्ही त्या प्राण्यायच्या संघटनेतून बोलून राहिल्या का? मांगं बी एक म्याडम आल्त्या. साहेबांनं सांगतलं हाय, नाव-गाव लिहून घ्याचं अन् फोन ठेवाचा."

"नाही हो, मी संघटनेची नाही..."

"नाव सांगा."

मी सांगितलं.

"गाव?"

"नवी मुंबई."

"मंग नव्या मुंबईत उंदरं नाही काय? आमच्या उंदराचं काऊन पडलं तुमाले?"

दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. काका शेजारी उभे होते, हातात एक ग्लोव्ह, एक काढलेला. मी आयुष्यात कधी कोणावर ओरडलेली नाही. शाळेत हजेरीलासुद्धा बाई माझं नाव दोनदा घ्यायच्या. त्या दिवशी माझा आवाज पॅकिंगपर्यंत ऐकू गेला, असं पॅकिंगवाल्यांनी नंतर मला रोज सांगितलं.

"औषध आमचं आहे! मी बनवणाऱ्या कंपनीतून बोलतेय! औषध चुकलंय, उलटं झालंय, त्यांनी ते टोचलं तर त्यांची पीएचडी जाईल! तुम्ही आत्ता, आत्ताच्या आत्ता जाऊन त्यांना थांबवा!"

"अस्सं सांगा नं मंग आंधी!" असं म्हणून वानखडेंनी फोन टेबलावर आपटला. ठेवला नाही, नुसता आपटला. चपलांचा आवाज लांब गेला. मग पंख्याचा आवाज. कोणीतरी येऊन "वानखडे, ओ वानखडे" अशा दोन हाका मारून गेलं. मी फोन स्पीकरवर टाकला आणि आम्ही दोघं एका रिकाम्या खोलीतला पंखा ऐकत उभे राहिलो. काका स्टुलावर बसले नाहीत. साडेदहा वाजले. त्यानंतरची पाच मिनिटं कशी गेली ते मला सांगता येणार नाही.

"हॅलो?" पल्लवी धापा टाकत होती. "काय झालं? वानखडे भाऊ खिडकीतून ओरडत आले, म्याडम, सुई खाली ठेवा, कंपनीवाली बाई रडून राहिली."

मी रडत नव्हते. निदान तोपर्यंत तरी.

"दिलं का?" मी विचारलं.

"पहिली हातात धरली होती. दिलं नाही अजून. एकीलाही नाही."

काकांनी डोळे मिटले.

मी तिला सगळं सांगितलं. माळ उलट ओवली गेली. वजन तेच येतं म्हणून तपासणीत कळलं नाही. अजून टेस्ट व्हायची आहे, दुपारी पक्कं सांगेन. आणि हेही सांगितलं की ओवताना मला शंका आली होती आणि मी विचारलं नव्हतं. ते सांगायची गरज नव्हती. पण एकदा आवाज सुटला होता, तो थांबेना.

आता ती ओरडेल, मी मनाची तयारी केली. बारा माद्या, अडीच महिने, महिनाभर सलाइनची इंजेक्शनं.

"म्हणजे," ती म्हणाली, "माझा हात चांगला आहे?"

"हो," मी म्हटलं. "तुमचा हात चांगला आहे."

आणि मग ती रडली. आम्ही दोघीही.

दुपारी टेस्ट झाली. तुकड्यांची वजनं काकांच्या म्हणण्याप्रमाणे निघाली, एक ना एक. निखिल सर दोनला आले. दहा मिनिटं रागावले, मुख्यतः माझ्यावर, मी त्यांचं न ऐकता फोन केला म्हणून. मग त्यांनी फॉर्म मागवला. वरपासून खालपर्यंत बघितला. "हा फॉर्म मी केलाय," ते म्हणाले, आणि विषय तिथे संपला. संध्याकाळी त्यांनी स्वतः पल्लवीच्या गाइडना फोन करून सांगितलं की चूक कंपनीची आहे, मुलीच्या हाताची नाही. असं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आता आमच्या फॉर्मवर ओवायच्या क्रमाने नंबर असतात. नवी माळ असली की ती तोडून बघितल्याशिवाय माझी सही होत नाही. आणि ओवताना शेजारी दुसऱ्या माणसाने उभं राहून शेपटीकडून एकेक मणी मोठ्याने वाचायचा असतो. बहुतेक वेळा ते दुसरं माणूस मीच असते. "मोट्यान वाच गो, पंप चालू हाय," काका म्हणतात. मी मोठ्याने वाचते.

त्या बारा माद्यांचं मात्र काही करता आलं नाही. कमिटीने मोजून दिलेला जीव आमच्या एका न वाचलेल्या वेळेपायी फुकट गेला. हे मी कोणत्या फॉर्ममध्ये भरू, ते मला अजून कळलेलं नाही.

नवी माळ काकांनीच ओवली. सरांनी मशीनवर टाकू म्हटलं तेव्हा काका म्हणाले, "ना. यी माजी हाय." तीन दिवस मी शेजारी उभी राहून वाचत होते आणि ते प्रत्येक बाटली उघडण्याआधी माझ्याकडे वळवून लेबल दाखवत होते, न बोलता. तोडून बघितली. सुलट होती. थर्मोकोलच्या डब्यात, सुक्या बर्फात, रवाना केली.

पल्लवीने दिवस कळवला होता. टोचून, रक्त घेऊन, तपासून आकडे यायला दुसरा दिवस उजाडणार होता. काकांना निवृत्तीला तेव्हा चारच महिने राहिले होते, आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट होती : त्या मुलीची स्वतः माफी मागायची. माझ्यामार्फत नाही, सरांमार्फत नाही. "तिचा फोन आला का मना दे," असं त्यांनी मला दोन दिवसांत पाच-सहा वेळा बजावलं. ते वाक्यं जुळवत होते. भांडं हलवताना त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. "म्याडम, मी घरत बोलतंय. चूक माजी हाय." शुद्ध बोलायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, तो 'माजी'पाशी अडत होता.

फोन दुपारी तीनला आला. नाव बघून मी उचलला आणि एक शब्दही न ऐकता तसाच काकांच्या हातात दिला. मला ऐकायची भीती वाटत होती.

काकांनी दोन्ही हातांनी फोन कानाला धरला. "म्याडम, मी घरत बोलतंय," त्यांनी सुरुवात केली. "ती माल मी..."

मग ते थांबले. ऐकत राहिले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी समोर उभी राहून त्यांच्या चेहऱ्यावर आकडे शोधत होते.

"काय म्हणतेय?" मला राहवेना.

काकांनी फोन माझ्यापुढे धरला. "बोलूच देत नाय गो," ते म्हणाले. "आठच्या आठ, आठच्या आठ म्हनतंय आन हसतंय नुसती."